भिंतीला आणि छताला नक्की कुठलं प्लास्टर? (मिस्त्री म्हणतो सगळीकडे जिप्सम मारा)

तिरकी_भिंत

मंडळी, मदत हवीय. जुनं घर दुरुस्तीला काढलंय. पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती जाडजूड, जुन्या विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या. मागचा भाग नंतर वाढवलेला, तिथे सिमेंटमधल्या विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. मधे आत्ता एक नवीन भिंत घातली ती पांढऱ्या हलक्या ब्लॉकची (एएसी). शिवाय एक बाथरूम.

पुढच्या खोलीचं प्लास्टर खालून गुडघ्यापर्यंत फुगलंय, बोट लावलं की भुगा हातात. मागच्या स्लॅबखालचा तर ताटाएवढा पोपडा परवा धप्पकन खाली आला, नशीब खाली कोणी नव्हतं.

मिस्त्री म्हणतो सगळं उकला आणि सरसकट जिप्सम मारा, पाणी मारायची कटकट नाही, लगेच रंगाला तयार, भिंत आरशासारखी. दीर म्हणतात जिप्सम म्हणजे खडू, सिमेंटच पाहिजे. सासरे म्हणतात चुन्यासारखं काही नाही. घरात तीन पक्ष झालेत, अध्यक्ष मी, आणि मला कशातलं काही कळत नाही. कोणी अनुभव सांगेल का?

उंटावरचा_शहाणा

तिन्ही एकात एक कालवून मारा, कोणाचंच मन मोडायला नको.

बसलो आहे, चालू द्या.

निवांत

जिप्सम, डोळे झाकून. आमच्याकडे पाच वर्षं झाली, एक चीर नाही. सिमेंटचं प्लास्टर केलं की आठवडाभर पाण्याची नळी घेऊन फिरा, मग ते महिना-दीड महिना वाळू द्या, मग पुट्टी, मग घासा, घरभर धूळ. जिप्समला ही भानगडच नाही, थेट विटेवर मारतात आणि थापीनेच इतकं गुळगुळीत येतं की पुट्टीचंही फारसं काम उरत नाही. उगाच जुन्या लोकांचं ऐकू नका.

पाणसाळ

निवांत, तुमची भिंत कोरडी असणार म्हणून टिकलं. इथे धागाकर्तीने लिहिलंय "खालून गुडघ्यापर्यंत फुगलंय", मी तिथेच थांबलो. ताई, ही प्लास्टरची तक्रारच नाहीये, ही ओलीची तक्रार आहे आणि प्लास्टर फक्त ती बोलून दाखवतंय. त्यावर कुठलंही नवीन प्लास्टर मारा, एक-दोन पावसाळ्यांत हेच दिसेल.

जिप्सम पाण्यात विरघळतं. मिठासारखं नाही, लिटरला साधारण दोन-अडीच ग्रॅम, पण विरघळतं. ओल कायम असेल तर ते मऊ पडतं, फुगतं, वर रंगाचे फोड येतात. म्हणून बाथरूम, बाहेरची बाजू, खालून ओल चढणारी भिंत या तीन ठिकाणी जिप्सम नाही म्हणजे नाही. मिस्त्रीने "सरसकट" म्हटलं ना, खरी गडबड त्या शब्दात आहे.

आधी मला सांगा ओल येते कुठून. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? नळ? मोरी? गटार? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आहे का?

तिरकी_भिंत

पलीकडे बाहेरची मोकळी जागा आहे. नळ वगैरे नाही. नीट बघून सांगते. स्लॅबचं काय पण?

खडूफळा

दीरांची बाजू घ्यायला आलोय. "जिप्सम म्हणजे खडू" हे त्यांनी रागाने म्हटलं असेल पण फळ्यावर लिहायचे बरेचसे खडू खरंच जिप्समचेच असतात. 

गंमत अशी आहे की जिप्समच्या दगडात वजनाच्या जवळजवळ २१ टक्के पाणी असतं, कोरडं, दगडातच बांधलेलं. तो दगड साधारण १५० अंशांला भाजला की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती पावडर. त्यात आपण पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा दगड होते. म्हणून लावल्यावर भिंत जरा कोमट लागते, हात लावून बघा. आणि घट्ट होताना ते आक्रसत नाही, उलट किंचित फुगतं, त्यामुळे सिमेंटसारख्या केसाएवढ्या चिरा पडत नाहीत. आगीतही हेच पाणी कामाला येतं, वाफ होऊन बाहेर पडेपर्यंत मागची भिंत तापू देत नाही.

पॅरिसजवळ, मोंमार्त्रच्या टेकडीत हा दगड भरपूर निघायचा, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस, आपलं पीओपी.

भिंगरी

म्हणजे माझ्या पायाला दीड महिना होतं ते आणि भिंतीला मारतात ते एकच? मग पायालाही पुट्टी लावून रंग दिला असता की.

खडूफळा

@भिंगरी एकच. आणि डॉक्टरही "भिजवू नका" असंच सांगतात ना, मग पाणसाळ वेगळं काय सांगतायत.

गवंड्याचा_नातू

हा प्रतिसाद जरा लांबणार आहे, आजोबांबरोबर आणि नंतर वडिलांबरोबर सुट्ट्यांमध्ये पाट्या टाकल्यात म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

जिप्सम चांगलं की वाईट हे निम्मं मारणाऱ्याच्या हातावर आहे. पाणी आधी घमेल्यात घ्यायचं आणि पावडर वरून सोडायची, उलटं केलं की तळाला कोरड्या गुठळ्या राहतात. मग तुमच्या हातात वीस-पंचवीस मिनिटं असतात, बस्स. पाटा फिरवून लेव्हल, थोडं बसू द्यायचं, मग थापी. आता खरी चोरी कुठे होते बघा. घमेल्यात माल घट्ट व्हायला लागला की मिस्त्री वरून पाण्याचा मग ओततो आणि परत ढवळतो. बघताना मऊ झालेला दिसतो, लागतोही, पण त्याची ताकद गेलेली असते, वाळल्यावर नखाने खरवडलं तरी पीठ निघतं. असा माल फेकून द्यायचा. दुसरं म्हणजे घमेलं धुवायचा कंटाळा. कडेला जुना घट्ट झालेला माल राहिला तर पुढचा घाणा दहा मिनिटांत उडतो, आणि मग परत पाण्याचा मग आहेच.

तेव्हा ताई, तुम्हाला काही कळत नसलं तरी चालेल, फक्त घमेल्याजवळ उभ्या राहा. दुसऱ्यांदा पाणी पडलं की ओरडा. 

आणि सिमेंट आणि जिप्सम एकत्र कालवायचं नाही, उंटावरचे शहाणे गमतीत म्हणाले पण खरंच करतात लोक, लवकर घट्ट व्हावं म्हणून. ओल मिळाली की दोघांची आतल्या आत रिअॅक्शन होते, माल फुगतो आणि सुटतो.

उंटावरचा_शहाणा

माझा सल्ला मी जाहीरपणे मागे घेतो.

ओव्हरहेड

स्लॅबबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. मी स्ट्रक्चरल कामं बघतो.

तिरकी_भिंत, पोपडा पडला त्या जागी वर बघा आणि सांगा, काँक्रीट स्वच्छ राखाडी आणि गुळगुळीत दिसतंय का तपकिरी गंजाचे डाग, किंवा गज उघडा पडलाय? हा फरक फार महत्त्वाचा आहे. गज गंजला की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तसं असेल तर प्लास्टरचा विषय बंद, आधी स्ट्रक्चरल दुरुस्ती. त्यावर पीओपी किंवा फॉल्स सीलिंग करून झाकणं म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावणं.

तिरकी_भिंत

बघितलं, टॉर्च मारून फोटोही काढले. गंज नाही कुठे. छान गुळगुळीत राखाडी आहे, प्लायच्या पट्ट्यांच्या रेषासुद्धा दिसतायत. पडलेला तुकडा जवळजवळ अंगठ्याएवढा जाड आहे.

ओव्हरहेड

मग वाचलात. कारणही तुम्हीच सांगितलंत, "छान गुळगुळीत". स्लॅबची खालची बाजू शटरिंगमुळे (काँक्रीट ओतताना खालून लावतात तो प्लायचा साचा) काचेसारखी येते, वर शटरिंगचं तेल. त्याला प्लास्टर धरणार कशाला? स्लॅबला टाचे मारून खडबडीत करावं लागतं, नाहीतर बाँडिंगचं द्रावण लावावं लागतं, आणि मग पातळ थर, ६ मिलिमीटर. तुमच्याकडे अंगठ्याएवढं, म्हणजे वीसेक मिलिमीटर थापलंय. सिमेंटचं प्लास्टर १२ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरला साधारण २४ किलो भरतं. वीस म्हणजे ४० किलो. हे सगळं वजन तेलकट काँक्रीटला फक्त चिकटून लटकतंय.

माझं सरळ मत, छताला प्लास्टर करूच नका. उरलेलं ठोकून बघा, जिथे पोकळ वाजेल ते सगळं काढा, काँक्रीट घासून स्वच्छ करा, शटरिंगच्या सांध्याचे उंचवटे ग्राइंडरने मारा आणि वरून नुसती पुट्टी किंवा जिप्समचा अगदी पातळ हात. वरून गळती नसेल तरच हां. जे थापलंच नाही ते पडणार नाही.

निवांत

म्हणजे बघा, छताला शेवटी जिप्समच.

पाणसाळ

कोरड्या छताला, हो. त्याबद्दल भांडण नव्हतंच.

माती_माझी

सासऱ्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मी. चुन्याच्या भिंतीला चुनाच. आमचं जुनं घर होतं, तिथे एका हुशार माणसाने चुन्याच्या भिंतींना बाहेरून-आतून सिमेंटचं कडक प्लास्टर केलं, "मजबूत व्हावं" म्हणून. तीन वर्षांत ते पत्र्यासारखं सुटून आलं आणि जाताना विटांचा दर्शनी भागही सोबत घेऊन गेलं. भिंतीला श्वास घेऊ द्यावा लागतो हो. चुना जिवंत असतो. मातीचा गिलावा तर त्याहून जिवंत, उन्हाळ्यात खोली गार, कधी कोंदट वाटत नाही...

ओव्हरहेड

श्वास वगैरे काही नाही. भिंतीला फुप्फुसं नसतात.

माती_माझी

तुम्हाला कळलं काय म्हणायचंय ते.

पाणसाळ

दोघंही बरोबर आहेत, शब्दाचं भांडण आहे. श्वास म्हणजे वाफ आरपार जाते, एवढंच. जुन्या भिंतीत ओल थोडीफार असतेच, खालून चढते, पावसात बाहेरून येते, आणि चुन्याच्या छिद्रांमधून परत उडून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसवला की वाट बंद, मग ओल वर वर चढते आणि जिथे प्लास्टर संपतं तिथून बाहेर पडते. सोबत विटेतले क्षार, पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे उडवतात. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तो हाच.

आणि ताकदीचा नियम गवंडी लोक तोंडी सांगतात: वरचा थर खालच्यापेक्षा नरम पाहिजे, कडक कधीच नाही. मऊ विटेवर कडक सिमेंट बसवलं की ऊन-थंडीत दोघं वेगवेगळे हलतात, आणि फाटतं ते मऊ असतं ते.

फक्त चुन्याचं कौतुक करताना त्याचा स्वभावही सांगा ना. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत चुनखडीचा दगड होतो, आणि याला महिने लागतात. एकेक थर पातळ, मधे दिवसचे दिवस थांबायचं, फार भराभर वाळू द्यायचा नाही, ओलसर ठेवायचा. घाई असलेल्या माणसाने चुन्याच्या वाटेला जाऊ नये. आणि डोळ्यांना जपा, विशेषतः कळीचा चुना विझवताना, तो पाण्यात पडला की उकळतो अक्षरशः.

खडूफळा

थोडं अवांतर. चुन्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरखी घातली की तो ओलीतही घट्ट होतो. रोमन लोक हेच नेपल्सजवळच्या पोत्सुओलीच्या ज्वालामुखीच्या राखेने करायचे, पोझोलाना हा शब्द तिथूनच आला. आणि आपलं पोर्टलँड सिमेंट त्यामानाने कालचं पोर, जोसेफ अॅस्पडिनने पेटंट घेतलं ते १८२४ साली. दीरांना सांगा, त्यांचा पक्ष सगळ्यात तरुण आहे.

तिरकी_भिंत

दीरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले "तरुण पक्षच निवडून येतो." 

आता नवीन ब्लॉकच्या भिंतीचं सांगा. मिस्त्री म्हणतो ती आधी पाण्याने भिजवून भिजवून घ्यायची.

गवंड्याचा_नातू

विटेची सवय आहे त्याला. विटा भिजवतात ते बरोबर, कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट उपाशी राहतं. पण एएसी ब्लॉक स्पंजासारखा, भिजवत बसलात तर आत पाणी भरून राहतं, मग तो वाळताना आक्रसतो आणि प्लास्टरवर सांध्यांच्या चौकटी उमटतात. त्याला वरवर ओला हात पुरतो. आणि सिमेंटच करणार असाल तर एकास चार (एक भाग सिमेंटला चार भाग वाळू) वगैरे तगडा माल नको, एकास सहा घ्या, पातळ थर. नाहीतर पोत्यातून येणारं तयार प्लास्टर मिळतं, नुसतं पाणी घालायचं, त्यात पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो म्हणून ब्लॉक ते शोषून घेत नाही. आतली कोरडी भिंत आहे तर जिप्समही चालेल थेट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही नवीन भिंत जुन्या भिंतीला जिथे टेकते आणि वर स्लॅबला जिथे टेकते, तिथे जाळी. कोंबडीची जाळी म्हणा नाहीतर फायबरची, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी. दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात तिथे चीर पडणारच, मग वर जिप्सम असो की सोनं.

भिंगरी

"दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात तिथे चीर पडणारच." लग्नपत्रिकेवर छापते.

ओव्हरहेड

मधे जाळी टाका म्हणाले ना ते. अर्धवट नका छापू.

दुपारची_झोप

सिमेंटवाल्यांचा एकही अनुभव नाही आला म्हणून लिहिते. आम्ही सगळीकडे सिमेंट केलं आणि वर्षाच्या आत भिंतीवर नकाशा उमटला, नद्यांसारख्या बारीक चिरा. सिमेंटला शिव्या दिल्या. मग एका जाणत्या माणसाने बघून विचारलं, "फिनिशिंग करताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरवलं होतं का?" आणि मला चित्रच दिसलं डोळ्यांसमोर. आमचा मिस्त्री ओल्या प्लास्टरवर मुठीने सिमेंट फेकायचा, पाणी शोषलं जाऊन लवकर घोटता यावं म्हणून, आणि मी कौतुकाने बघत होते की काय चकचकीत येतंय! त्याने वरचा पापुद्रा कडक होतो, आतलं नरम राहतं, आणि तो पापुद्राच फाटतो.

दुसरी चूक आमची स्वतःची, पाणी दोनच दिवस मारलं. किमान सात दिवस मारायला हवं होतं. पंखा लावून वाळवत होतो आम्ही, पंखा!

गवंड्याचा_नातू

पंखा वाचून आजोबा स्वर्गात डोक्याला हात लावून बसले असतील.

वाळूचंही बघा. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळ हलवून दोन-तीन तास ठेवा. वाळू खाली बसते आणि वर गाळाची साय येते. साय एकूण थराच्या आठ टक्क्यांच्या वर असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. मातकट वाळूने किती सिमेंट घातलं तरी चिरा.

गोणी_मोजणारा

माल किती लागेल ते कोणी सांगत नाही म्हणून हिशोब: १० चौरस मीटर भिंत, १२ मिलिमीटर, म्हणजे ०.१२ घनमीटर. एकास सहा म्हणजे सात भाग, सिमेंट त्याचा सातवा भाग, घनमीटरला १४४० किलोने जवळजवळ २५ किलो. बरोब्बर अर्धी गोणी.

ओव्हरहेड

ओल्या मालाचा हिशोब केलात. कोरडा माल पाणी घालून कालवला की बसतो, साधारण तिसरा हिस्सा जास्त धरावा लागतो. म्हणजे ०.१६ घनमीटर, सिमेंट ३३ किलोच्या आसपास. वर विटांच्या सांध्यात जाणारं आणि वाया जाणारं पाचवा हिस्सा तरी धरा. ४० किलो म्हणा.

गोणी_मोजणारा

तरीच माझ्याकडे प्रत्येक वेळी शेवटच्या भिंतीला माल कमी पडतो. आयडी बदलतो.

तिरकी_भिंत

बाथरूमला मग सिमेंटच ना?

पाणसाळ

सिमेंटच, आणि टाइल लावायच्या असतील तिथे घोटून गुळगुळीत करू नका, खरबरीत सोडा, टाइलला पकड हवी असते. टाइलच्या मागे पुट्टी नको, जिप्सम तर नकोच. 

आणि ओलीचं? बाहेर काय आहे ते सांगणार होतात. जमलं तर एक करा, त्या भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दिवस-रात्र ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर ते नुसतं हवेतलं बाष्प, खिडकी उघडून भागेल.

निवांत

प्लास्टिक, बरणी, टॉर्च, ठोकाठोकी... हे घर दुरुस्त करतायत की गुन्ह्याचा तपास?

तिरकी_भिंत

तपास लागला!!!

थांबा, क्रमाने सांगते. प्लास्टिक लावलं दोन ठिकाणी, एक गुडघ्याखाली, एक डोक्याच्या उंचीवर. सकाळी वरचं कोरडं ठणठणीत. खालच्याच्या आतून थेंब नुसते, काढलं तर ओघळ आला हातावर. मग बाहेर जाऊन बघितलं. त्या भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आहे. दरवर्षी त्यात माती पडत पडत तो आता आतल्या फरशीच्या हातभर वर आलाय, भिंतीला चिकटून. आणि रोज संध्याकाळी त्याला पाणी घातलं जातं. भरपूर. पाइपने.

पाणी कोण घालतं? चुना पक्षाचे संस्थापक, म्हणजे आमचे सासरे.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे ते स्वतःच्याच मतदारसंघात पाणी सोडत होते.

पाणसाळ

हसू येतंय पण हेच हवं होतं. वाफा भिंतीपासून दूर घ्या, माती खाली न्या, निदान आतल्या फरशीच्या वीतभर खाली, आणि जमीन बाहेरच्या दिशेने उतरती करा. मग आतलं फुगलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर हातभर जाईपर्यंत काढून टाका, सांधे खरवडा, कोरड्या ब्रशने क्षार झाडा. धुऊ नका, पाण्याने ते परत आत जातात. आणि मग थांबा.

तिरकी_भिंत

किती थांबू?

पाणसाळ

भिंत जाड आहे, महिने लागतील. दर पंधरा दिवसांनी तेच प्लास्टिक लावून बघा.

निवांत

महिने? तोवर उघड्या विटांच्या खोलीत राहायचं? एक ओल-रोधक केमिकल मारा, वर सिमेंटमधे वॉटरप्रूफिंग घालून प्लास्टर करा, संपलं. आमच्या ओळखीत केलंय, मस्त आहे.

माती_माझी

कधी केलं?

निवांत

झाले चार-पाच महिने.

माती_माझी

मग दोन पावसाळ्यांनी सांगा.

निवांत

सांगेन. तुम्ही सगळे जगाला थांबायला सांगताय, लोकांना राहायचं असतं घरात. ज्याला महिनाभरात शिफ्ट व्हायचंय त्याने काय करायचं ते कोणी बोलत नाही.

ओव्हरहेड

मुद्दा रास्त आहे. ज्याला खरंच थांबता येत नाही त्याने खालचा हात-दोन हात पट्टा तसाच उघडा ठेवावा, पुढे कपाट वगैरे भिंतीला न चिकटवता, आणि वरचं करून घ्यावं. कुरूप दिसतं पण नंतर फोडावं लागत नाही.

दुपारची_झोप

आणि नवीन सिमेंट किंवा चुन्यावर लगेच ऑइल पेंट देऊ नका. त्यातला क्षार तेलाशी भिडतो आणि अक्षरशः साबण होतो, रंग चिकट होऊन सुटतो. हेही आम्ही केलेलं आहे. आमच्या घराने सगळे प्रयोग केलेत.

तिरकी_भिंत

ठरलं मग. मागच्या स्लॅबचं पोकळ सगळं काढायचं, वर पातळ हात, प्लास्टर नाही. नवीन ब्लॉकच्या भिंतीला जिप्सम, सांध्यांना जाळी (मिस्त्री "जाळीची गरज नाही" म्हणाला, मी अध्यक्षांचा आवाज काढला). मागच्या विटांच्या भिंतींचं सिमेंट ठोकून बघितलं, दोन ठिकाणं सोडून घट्ट आहे, ते ठेवतोय, तेवढंच दुरुस्त. बाथरूमला सिमेंट. पुढच्या दोन खोल्यांना चुना, पण वाळल्यावर. तिन्ही पक्षांना खाती मिळाली.

एकच राहिलं, जिप्समच्या भिंतीवर जड घड्याळ आहे ते अडकवता येईल ना? साधा खिळा?

गवंड्याचा_नातू

साधा नको, प्लास्टर ओलं असताना लोखंडी खिळा गंजतो आणि तांबडा ओघळ येतो. वाळू द्या पूर्ण, मग ड्रिलने भोक पाडून प्लग, आणि स्क्रू इतका लांब घ्या की प्लास्टर पार करून ब्लॉकमध्ये खोल जाईल. ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मिळतो तो मागा. हातोडीने ठोकू नका, पापुद्रा उडतो.

भिंगरी

पायाला घड्याळ लावायचं राहिलंच माझं.

तिरकी_भिंत

तीन महिन्यांनी परत येतेय, कोणी विचारलं नाही तरी. मागचा भाग पूर्ण झाला. घमेल्याजवळ उभी राहिले, दोनदा ओरडले, एकदा मिस्त्रीच हसला आणि स्वतःहून माल फेकून दिला. छत छान आलंय. जाळी लावली तिथे अजून तरी चीर नाही, एका ठिकाणी त्याने गुपचूप जाळी गाळली होती, तिथे केसाएवढी आहे, बरोब्बर तेवढ्यातच.

पुढच्या खोलीच्या विटा अजून उघड्या. वाफा सासऱ्यांनी स्वतः हलवला, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी माती ओढायला लागले. परवाच्या प्लास्टिकला खाली चार-पाच थेंब होते फक्त. ते आता रोज सकाळी उठले की आधी त्या भिंतीला तळहात लावून बघतात आणि मला सांगतात, "अजून नाही."